आरशातली मेल, ट्रंकेतली मेल

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या आत्याकडे एक लोखंडी ट्रंक आहे. आतोबांनी लग्न ठरल्यापासून लिहिलेली आंतर्देशीय पत्रं तिच्यात आहेत, वर्षावार गठ्ठे करून सुतळीनं बांधलेली. पुढे २००५ ते २०११ आतोबा मस्कतला नोकरीला होते. तोवर पत्रांची जागा ई-मेलनं घेतली होती. शुक्रवारी तिकडे सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी एक लांबलचक मेल यायची. आधी रोमन लिपीत टाइप केलेलं मराठी, मग देवनागरी जमायला लागल्यावर देवनागरीत. आतोबा जाऊन तीन वर्षं झाली. ट्रंक पलंगाखाली आहे. मस्कतची पत्रं मात्र जीमेलवर होती, आणि तिथली जागा संपत आल्याची सूचना आत्याला कित्येक महिने दिसत होती.

नात्यातल्या एका मुलानं तिच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्रॅम बसवून दिला, जीमेलचं खातं त्याला जोडलं आणि सांगितलं, "आता सगळ्या मेल इथे उतरल्यात. वेबवरच्या पुसल्यात तरी चालेल, तेवढीच जागा होईल." आत्या शिस्तीची. तिनं जुन्यापासून सुरुवात केली. २००५ आणि २००६ सालच्या मेल ब्राउझरमध्ये निवडून पुसून टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडरबर्ड उघडलं, तर तिथलीही ती दोन वर्षं नाहीशी. मला फोन आला तेव्हा तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "अरे, कॉम्प्युटरमधलीसुद्धा गेली रे."

मेल परत मिळाल्या. पुसलेली मेल जीमेल 'बिन'मध्ये, म्हणजे कचरापेटीत, ३० दिवस ठेवतं आणि मगच कायमची काढून टाकतं. आम्ही दुसऱ्याच दिवशी तिथं पोचलो होतो. पण त्या मुलाचा जो समज होता तो मला घरोघरी ऐकायला मिळतो, चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

थंडरबर्ड, आउटलुक किंवा फोनमधलं मेलचं ॲप आपण जीमेलला 'जोडतो' तेव्हा बहुतेक वेळा ते आयमॅप नावाच्या पद्धतीनं जोडलं जातं. ही पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली तयार केली. तिचा हेतूच असा होता, की पत्रपेटी एका ठिकाणी, सर्व्हरवर (म्हणजे मेलची सेवा देणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर), राहावी आणि माणसानं कुठल्याही यंत्रावरून तीच पेटी बघावी. ऑफिसात वाचलेली मेल घरी 'वाचलेली' दिसावी, घरी पुसलेली ऑफिसात दिसू नये. म्हणजे आपला फोन, लॅपटॉप, टेबलावरचा कॉम्प्युटर हे सगळे एकाच पेटीसमोर धरलेले आरसे. मेलची प्रत डिस्कवर खरोखर उतरते, हे खरं आहे. इंटरनेट बंद असतानाही ती वाचता येते. पण ती प्रत सर्व्हरच्या हुकमात असते. सर्व्हरवरून मेल गेली, की पुढच्या जुळणीत आरशातूनही जाते. कुणी आपलं खातं बळकावून ते रिकामं केलं, तर कॉम्प्युटर सुरू करताच तिथलं फोल्डरही रिकामं होईल. यात बिघाड काहीच नाही. आयमॅप सांगितलेलं काम चोख करतं. जपून ठेवणं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

याच्या दोन वर्षं आधीची, १९८४ ची, पॉप ही पद्धत वेगळी. ती पोस्टमनसारखी मेल आणून हातात देते, आणि एकदा दिलेली मेल आपली. पण पॉप सहसा फक्त इनबॉक्स उतरवतं. आपण पाठवलेल्या मेल आणि इतर फोल्डरं तिकडेच राहतात. जीमेलवर पाठवलेल्याही येतात, हा अपवाद. शिवाय पॉपच्या सेटिंगमध्ये 'इतक्या दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाका' अशी खूण असू शकते, आणि ती न बघता पुढे गेलेल्यांची वेबवरची पेटी रिकामी होते. मी घरगुती कामासाठी पॉप सुचवत नाही.

मग करायचं काय? आरसा वापरून मेल खाली आणायची आणि आरशातून काढून ट्रंकेत ठेवायची. थंडरबर्डमध्ये ही ट्रंक आधीपासून असते. डावीकडच्या यादीत सगळ्यात खाली 'लोकल फोल्डर्स' असं लिहिलेलं असतं. बहुतेक जण त्याच्याकडे बघतही नाहीत. त्या फोल्डरांचा कुठल्याही सर्व्हरशी संबंध नसतो. तिथं कॉपी केलेली मेल जीमेलनं पुसली, खातं बंद झालं, पासवर्ड हरवला, तरी जागची हलत नाही.

थंडरबर्ड हा मोझिलाचा मोफत प्रोग्रॅम, त्याची १.० ही आवृत्ती २००४ च्या डिसेंबरातली. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीवर चालतो. दुसरा कुठला वापरत असाल तर तोही चालेल, तत्त्व तेच. मी थंडरबर्डवर सांगतो, कारण त्यातल्या मेल ज्या रूपात साठतात ते रूप मला सगळ्यात टिकाऊ वाटतं. त्याबद्दल पुढे.

कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट तपासा. खात्याला जोडलेला फोन नंबर आजही तुमच्याकडे आहे का? आत्याच्या खात्यात आतोबांचा जुना नंबर होता, जो केव्हाच बंद झाला. नव्या प्रोग्रॅममधून खातं उघडताना गूगल ओळख पटवायला सांगतं, आणि संकेतांक अशा मेलेल्या नंबरवर गेला तर तुम्ही दाराबाहेर. म्हणून आधी ब्राउझरमध्ये, जिथं खातं उघडंच आहे तिथं, नंबर आणि पर्यायी ई-मेल बदलून घ्या. मग डिस्कवर जागा बघा. खात्यात १२ जीबी मेल असेल तर १२ आरशासाठी, १२ ट्रंकेसाठी, म्हणजे किमान २५ ते ३० जीबी मोकळी हवी. जीमेलवर फुकट मिळणारे १५ जीबी हे मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून असतात, त्यामुळे मेलचा खरा वाटा त्याहून बराच कमी निघू शकतो. आत्याच्या बाबतीत अर्धी जागा फोटोंनी खाल्ली होती. मेल पुसायची गरज मुळात नव्हतीच.

थंडरबर्डमध्ये नाव, पत्ता भरला की सर्व्हरची माहिती ते स्वतःच शोधतं. तिथं आयमॅप निवडा. मग गूगलची स्वतःची खिडकी उघडते, तिच्यात पासवर्ड द्यायचा आणि परवानगी द्यायची. मे २०२२ अखेरीपासून नुसता पासवर्ड घेऊन आत येणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांना गूगलनं दार बंद केलं आहे. म्हणून फार जुनी आवृत्ती चालवू पाहाल तर पासवर्ड बरोबर असूनही तो चुकीचा असल्याचं ऐकावं लागेल. नवी आवृत्ती टाका, अडचण सुटते.

आता अकाउंट सेटिंग्जमध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' या पानावर जा. 'या खात्याच्या मेल या कॉम्प्युटरवर ठेवा' आणि 'कितीही जुन्या असल्या तरी सगळ्या उतरवा' या अर्थाच्या दोन्ही खुणा हव्यात. खालीच 'अमुक दिवसांपेक्षा जुन्या मेल पुसा' असाही पर्याय असतो. त्याला हात लावू नका. आयमॅपवर तो सर्व्हरवरच्या मेलही पुसतो.

यानंतर वाट बघायची. जीमेल आयमॅपवरून एका दिवसात साधारण २,५०० एमबीच उतरवू देतं. म्हणजे १२ जीबीला पाच दिवस. मर्यादा ओलांडली की खातं काही काळ अडतं, थंडरबर्ड चूक दाखवतं आणि माणूस घाबरून सगळं काढून पुन्हा सुरू करतो. तसं करू नका. रात्री कॉम्प्युटर चालू ठेवा, सकाळी बंद करा, पुन्हा रात्री चालू करा. आत्याचं उतरायला चार रात्री लागल्या.

जीमेलची आणखी एक खोड माहीत हवी. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एकाच मेलला 'इनबॉक्स', 'मस्कत' आणि 'महत्त्वाचं' अशी तीन लेबलं चिकटलेली असली, तरी वेबवर मेल एकच. थंडरबर्डला मात्र लेबल म्हणजे फोल्डर असं दिसतं, आणि तीच मेल तीन ठिकाणी उतरते. चौथी प्रत 'ऑल मेल'मध्ये. कचरा आणि स्पॅम सोडून जे काही आहे ते सगळं ऑल मेलमध्ये असतं, पाठवलेलंही. तेव्हा लेबलं लावायची सवय नसेल तर फक्त ऑल मेल ट्रंकेत टाकलं की झालं. आत्यानं मात्र 'मस्कत', 'चिन्मयची शाळा', 'भिशी' अशी लेबलं वर्षानुवर्षं नेमानं लावली होती. ती रचना ही तिची मेहनत आहे, ती मोडायची नव्हती. म्हणून आम्ही आधी तिची लेबलं एकेक करून कॉपी केली आणि मग सगळं ऑल मेलही. काही मेल दोनदा आल्या. येऊ द्या. डिस्क स्वस्त आहे.

ट्रंकेत टाकण्याची रीत अशी. लोकल फोल्डर्सवर उजवं बटण दाबून नवं फोल्डर करा. मी नुसतं वर्षाचं नाव देतो: २००५, २००६. मग ऑल मेलमध्ये तारखेप्रमाणे रांग लावून त्या वर्षाच्या पहिल्या मेलवर क्लिक, शिफ्ट दाबून शेवटच्या मेलवर क्लिक, उजवं बटण, 'कॉपी टू', लोकल फोल्डर्स, २००५. कॉपी, 'मूव्ह' नव्हे. हे दोन शब्द यादीत शेजारी शेजारी असतात आणि मूव्ह केलं तर सर्व्हरवरून मेल निघून जाते. माउसनं ओढून नेण्याचा मोह टाळा, त्यात कधी काय होईल ते बोटाच्या हालचालीवर अवलंबून. वीस हजार मेल एकदम निवडू नका. थंडरबर्ड अर्ध्यात थकतं आणि किती गेल्या, किती राहिल्या ते कळत नाही. वर्षावार केलं, की वर्ष संपल्यावर दोन्हीकडचे आकडे ताडून पाहता येतात. ऑल मेलमध्ये २००७ च्या निवडलेल्या मेल ८४३ आणि ट्रंकेत ८४३, मग २००८ ला हात. आम्ही वहीत दोन रकाने आखून हे लिहिलं. आत्याला हिशेब लिहायला आवडतो, आणि या कामाला तोच स्वभाव लागतो.

ट्रंकेतली मेल कशी दिसते? थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरसाठी डिस्कवर एकच मोठी फाइल करतं. तिच्यात मेल एकीखाली एक, साध्या मजकुरात. या रूपाला एमबॉक्स म्हणतात. युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीच्या काळापासून ते चालत आलं आहे. उद्या थंडरबर्ड बंद पडलं, तरी ही फाइल वाचणारे प्रोग्रॅम मिळतील. आणि अगदीच काही नाही मिळालं, तर नोटपॅडमध्ये उघडून इंग्रजी मेल वाचता येतील. मराठी मेल तशा वाचता येणार नाहीत, आणि हे बघून घाबरू नका. मेलची व्यवस्था साध्या रोमन अक्षरांसाठी जन्माला आली, त्यामुळे देवनागरी मजकूर प्रवासासाठी रोमन अक्षरांत आणि आकड्यांत गुंडाळला जातो. युनिकोड या आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह सहसा तीन बाइटचं. गुंडाळल्यावर त्याची चार किंवा नऊ रोमन चिन्हं होतात. नोटपॅडमध्ये ती निरर्थक रांग दिसते. मेलच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये तेच अक्षर न अक्षर नीट उलगडतं.

खरी अडचण युनिकोडच्या आधीच्या मराठीची. शुषा, श्रीलिपी अशा फॉन्टांमध्ये टाइप केलेला मजकूर म्हणजे आतून रोमन अक्षरंच, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा पोशाख घालतो. तो फॉन्ट नसेल तर तुमच्या मेलच्या जोडफायलीतलं जुनं पत्र, मंडळाचा जुना अहवाल, लग्नाची पत्रिका, सगळं अगम्य. म्हणून बॅकअपच्या शेजारी त्या फॉन्टची फाइलही ठेवा. बडोद्यातल्या आमच्या पिढीकडे असा मजकूर पुष्कळ आहे, आणि तो वाचणारी यंत्रं एकेक करून भंगारात चालली आहेत.

मेलमध्ये जे नाहीच ते बॅकअपमध्येही येत नाही, हेही सांगून ठेवतो. २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जीमेल जोडत नाही, ड्राइव्हवर ठेवून फक्त दुवा पाठवतं. ट्रंकेत दुवा येईल, फाइल नाही. असे दुवे शोधून त्या फायली वेगळ्या उतरवा. संपर्कांची यादी आणि कॅलेंडर यांचंही वेगळं करावं लागतं.

इथवर झालं म्हणजे मेल सर्व्हरच्या हुकमातून सुटली. पण ती अजून एकाच डिस्कवर आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी बडोदा शहरात शिरलं, तेव्हा समा भागात माझ्या एका मित्राच्या तळमजल्यावर ते टेबलाच्या वर चढलं. कॉम्प्युटर टेबलाखाली होता आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. त्यानं बॅकअप अगदी नेमानं घेतलेला होता. दोन्ही वस्तू एकाच चिखलातून बाहेर निघाल्या. आपल्या शहरात बॅकअपचा विचार घराबाहेरच्या एका प्रतीशिवाय पुरा होत नाही, हे मी त्याच्या अंगणात उभा राहून शिकलो.

या शहराला ही गोष्ट नवी नसावी. आपल्या प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती १९७५ पर्यंत सात खंडांत पुरी केली, ती ठिकठिकाणच्या, वेगवेगळ्या लिप्यांमधल्या पोथ्या ताडून. कुठली पान हरवलेली, कुठली वाळवीनं खाल्लेली. नकला दूरदूर पसरलेल्या होत्या म्हणून एकीची उणीव दुसरीनं भरता आली.

बाहेरची प्रत करायला थंडरबर्डची सगळी प्रोफाइल, म्हणजे त्याच्या मेल आणि सेटिंग्ज ज्यात असतात ते फोल्डर, उचलायची. हेल्प मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा, त्यात 'प्रोफाइल फोल्डर'समोर 'ओपन फोल्डर' असं बटण आहे. फोल्डर दिसलं की थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि मगच ते कॉपी करा. चालू असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते. टूल्स मेनूत 'एक्सपोर्ट'ची सोय आहे, पण ती २ जीबीपर्यंतच चालते, त्यामुळे मोठ्या खात्याला उपयोग नाही. कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा चांगल्या पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह बऱ्याचदा फॅट३२ या जुन्या मांडणीत येतात, आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. ऑल मेलची फाइल सहज त्याहून मोठी असते. ड्राइव्ह आधी एक्सफॅट या नव्या मांडणीत फॉरमॅट करून घ्या, अर्थात तो रिकामा आहे याची खात्री करून.

या ड्राइव्हमध्ये तुमच्या बँकेची पत्रं, आधारची प्रत, साठवलेले पासवर्ड, सगळं असेल. थंडरबर्डमध्ये 'प्रायमरी पासवर्ड' लावा, म्हणजे निदान पासवर्ड उघडे राहणार नाहीत. मेल मात्र त्यानं कुलूपबंद होत नाहीत. त्यासाठी विंडोजच्या प्रो आवृत्तीतलं बिटलॉकर किंवा मोफत मिळणारं व्हेराक्रिप्ट वापरून अख्खा ड्राइव्ह बंद करता येतो. किल्ली कागदावर लिहून घरातल्या एकाला दाखवून ठेवा. आम्ही आत्याच्या ड्राइव्हची किल्ली पलंगाखालच्या लोखंडी ट्रंकेत, १९७८ च्या गठ्ठ्यात ठेवली आहे.

आत्याची दुसरी प्रत आता माझ्या घरी, दुसऱ्या मजल्यावर असते. तिसरी तिचा चिन्मय दिवाळीला आला तेव्हा पुण्याला घेऊन गेला. वर्षातून दोनदा नव्यानं करायचं ठरलं आहे: दिवाळीच्या आवराआवरीत एकदा आणि मृग लागण्याआधी एकदा. नव्याच मेल कॉपी करायच्या असतात, तासाभराचं काम.

याहू आणि आउटलुकच्या खात्यांची रीत हीच, आणि तिथं घाई जास्त करा. वापरात नसलेलं खातं कायम राहत नाही. गूगल दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागलं आहे. याहूची मुदत तर १२ महिन्यांची. कॉलेजच्या दिवसांतलं एखादं खातं आठवत असेल तर आज रात्रीच उघडून बघा. नोकरीच्या ठिकाणचं खातं असेल तर आधी तिथं विचारा, ती मेल संस्थेची असते.

एक काम मात्र टाळू नका, आणि लोक नेमकं तेच टाळतात: ट्रंक उघडून बघणं. मी माझ्या लॅपटॉपवर, जिथं आत्याचं खातं कधीच जोडलेलं नव्हतं, थंडरबर्ड टाकलं. ड्राइव्हवरच्या प्रोफाइलमध्ये 'मेल', त्यात 'लोकल फोल्डर्स', त्यातली २००६ नावाची फाइल उचलली, लॅपटॉपच्या तशाच फोल्डरमध्ये ठेवली आणि थंडरबर्ड पुन्हा सुरू केलं. डावीकडे २००६ उमटलं. वाय-फाय बंद केलं आणि लॅपटॉप आत्यापुढे ठेवला.

तिनं चष्मा पुसला, यादी खाली-वर केली आणि एक मेल उघडली. मार्च २००६ मधला शुक्रवार. रोमन लिपीतलं मराठी, जोडलेला एक फोटो. फोटो उघडला: मस्कतच्या खोलीतली खिडकी, तिच्यात तुळशीची कुंडी. "ही त्यांनी बियांपासून वाढवली होती," आत्या म्हणाली. "मीच पाठवल्या होत्या, पाकिटात घालून." मग तिनं वहीत २००६ च्या दोन्ही आकड्यांपुढे बरोबरची खूण केली आणि २००७ ची फाइल मागितली.